टाकीखालच्या गिटारी

धाकट्याला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीचा हा उन्हाळा. मुलींचं वय सांगितलं की तो उन्हाळा किती जुना झाला ते आपोआप कळतं, म्हणून त्या घरात साल कुणाला लक्षात ठेवावं लागत नाही. धाकटा म्हणजे तीन भावंडांतलं शेंडेफळ. त्याचं लग्न उशिरा, मुली त्याहून उशिरा, आणि आल्या त्या दोघी एकदम. थोरला दादा आणि मधली ठकू. ठकू हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती पाळण्यात असताना दादानं तिला तशी हाक मारली आणि ती चिकटली ती चिकटलीच. इस्पितळाच्या धुलाईखान्याची मुकादम होऊन ती निवृत्त झाली, तरी घरात ठकूच राहिली. शेजारपाजारचे मान राखून ठकूताई म्हणत, एवढाच काय तो फरक.

दादाची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ठकूताईनं लग्न केलंच नव्हतं. म्हातारपणी दोघं बहीणभाऊ एका इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर राहत होती. वर थेट गच्ची. घराच्या तीन खोल्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक. पुढची खोली पश्चिमेकडची, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीला उन्हाची म्हणून एकही भिंत नव्हती. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं, आणि डोक्यावर गच्चीत सगळ्या इमारतीची पाण्याची टाकी. टाकीमुळे त्या खोलीचं छत तापत नसे. पुढच्या खोलीत पाय पोळत असताना मधल्या खोलीत फरशीला गाल लावून पडावंसं वाटे.

पण पडणार कुठे? मधल्या खोलीत गिटारी राहत होत्या.

दादाचा जन्म गिटारी दुरुस्त करण्यात गेला. दुकान बंद केलं तेव्हा हत्यारं घरी आली, आणि हत्यारांमागून गिटारी आल्या. काही त्याच्या स्वतःच्या. काही अशा गिऱ्हाइकांच्या, जे ‘उद्या येतो’ म्हणून गेले आणि त्यांचा उद्या काही उजाडला नाही. सगळ्या आपापल्या कडक पेट्यांत, मधल्या खोलीच्या भिंतीला ओळीनं टेकून, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसांसारख्या. त्यांत एक ‘पहिली’ होती. दादानं मिसरूड फुटायच्या वयात स्वतःच्या हातानं बनवलेली पहिली गिटार. लाकूड चिकटवायचा तिचा सरस आईच्या चुलीवर शिजवला होता. जनावराच्या कातड्याचा तो सरस, त्याला असा वास सुटायचा की आई नाकाला पदर लावून बाहेर जाऊन बसायची आणि भांडं ढवळायचं काम ठकूकडे यायचं. त्यामुळे त्या गिटारीवर आपलाही थोडा हक्क आहे असं ठकूताई समजत असे. दादा तसं समजत नसे.

त्या वर्षी ऊन असं पडलं की गच्चीवरच्या नळ्या तापून नळाचं थंड पाणी दुपारी हात भाजायला लागलं. दारांच्या कड्या फडक्यानं धराव्या लागत. आणि दादानं मधल्या खोलीचा कायदा केला.

दार अर्धंच उघडायचं. तिरकं होऊन आत शिरायचं. शिरल्याबरोबर लावायचं. आत पंखा लावायचा नाही, वाऱ्यानं लाकूड सुकतं. आत दिवा जास्त वेळ ठेवायचा नाही. आणि या खोलीत ठकूताईचं कपड्यांचं कपाट होतं.

“ठकू, दार!”

“अरे, आत्ता तर उघडलं.”

“उघडलंस ते कळलं. लावणार कधी?”

“माझे कपडे मी घ्यायचे की नाहीत? का तुझ्या गिटारींसमोर हेच घालून बसू महिनाभर?”

“सकाळी एकदाच काय ते काढून ठेवत जा.”

“घाम काय सकाळी एकदाच येतो?”

दादा यावर बोलत नसे. तो बोलत नाही हेच तिला जास्त झोंबे. भांडायचं तर समोरच्यानं भांडावं तरी.

पुढच्या खोलीत दादाचा पलंग होता. दुपारनंतर ऊन सरळ त्याच्या उशीवर येई. पडदा लावला तरी पडदाच तापे. दादा तिथे बसून गिटारीच्या खुंट्या पुसत बसे, अंगात बंडी, कपाळावर ओला रुमाल. ठकूताई स्वयंपाकघरात जमिनीवर निजे. तिथे निदान मागच्या खिडकीतून वारा येई.

“दादा, ऐक माझं. दोन पेट्या सरकवल्या की मधल्या खोलीत एक अंथरूण सहज मावतं. तू तिथे झोप.”

“नको.”

“का नको?”

“लाकूड आहे ते, ठकू. हवा कोरडी झाली की उभं फाटतं. ओली झाली की फुगतं. उन्हानं सरस मऊ पडतो. मी स्पंज मोजून ठेवलेत आत. माणूस झोपलं की त्याच्या श्वासानं हवा ओली होते, सगळा अंदाज चुकतो.”

“मग माणसाचं काय? माणूस फाटत नाही? फुगत नाही?”

“माणूस पाणी पितं.”

“बरं, मी झोपते. मी कमी श्वास घेते.”

“तू घोरतेस.”

“मी घोरत नाही!”

“स्पंजही घोरत नाहीत. म्हणून ते आत आहेत.”

हे स्पंज म्हणजे काय ते सांगायला हवं. साबणाच्या प्लास्टिकच्या डब्या घेऊन दादानं त्यांना गरम सुईनं भोकं पाडली होती. प्रत्येक डबीत ओला करून पिळलेला स्पंज, आणि प्रत्येक पेटीत गिटारीच्या मानेखाली एक डबी. भिंतीवर हवेतला ओलावा दाखवणारं एक घड्याळासारखं यंत्र होतं. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात असला की दादा खूश. पट्ट्याबाहेर गेला की जेवणावरून उठे.

ठकूताईनं हातपाय मारून पाहिले. तळमजल्यावर शिंप्याचं दुकान होतं, मागे त्याची राहायची गार खोली होती. शिंपी तिच्यासारखाच सडाफटिंग. तो स्वतः वर येऊन म्हणाला, “दादा, दुपारचे खाली या. माझं मशीन चालतं तेवढाच काय तो त्रास.”

दादा म्हणाला, “आणि इथे काटा कोण बघेल?”

तिनं धाकट्याला फोन लावला. पलीकडून दोन वेगवेगळ्या सुरांत रडणं ऐकू येत होतं. धाकटा म्हणाला, “ताई, आणून सोड त्याला. पण गिटारी नको हं. इथे पाऊल ठेवायला जागा नाही, मी स्वतः न्हाणीघरात दाढी करता करता झोपतोय.”

गिटारींशिवाय दादा म्हणजे दाराशिवाय चौकट. तो कुठला जातोय?

बाकी कुणाला हा सगळा हट्टी म्हाताऱ्याचा तमाशा वाटला असता. ठकूताईला वाटत नव्हता, कारण तिनं धुलाईखान्यात एक माणूस जाताना पाहिला होता. चादरी इस्त्री करायच्या मोठ्या रुळांवर काम करणारा, चांगला तगडा. असाच उन्हाळा होता आणि पंखे बंद पडले होते. सकाळभर त्याच्या अंगातून घामाच्या धारा. दुपारी कुणीतरी म्हणालं, बघा, याचा सदरा सुकला, गडी गार झाला. मग तो एकच चादर घडी घालायला लागला. घडी घालायची, उलगडायची, परत घालायची. बायका हसल्या. ठकूताईही हसली होती. संध्याकाळपर्यंत तो उरला नाही. तेव्हापासून तिनं मनाशी पक्कं धरलं होतं, घाम येतोय तोवर ठीक, घाम थांबला की घाबरायचं.

म्हणून ती रोज दुपारी काहीतरी निमित्त काढून दादाच्या पाठीला हात लावी. माशी बसली होती. बंडी उसवलीय. मुंगी चढत होती.

“किती माश्या बसतात गं माझ्यावर,” दादा म्हणे. “गुळाचा आहे का मी?”

“गुळाचा असतास तर आत्तापर्यंत वितळला असतास. बस गप्प.”

हात ओला लागला की तिला हायसं वाटे. मग ती उरलेला दिवस त्याच्यावर चिडायला मोकळी.

आता या घराची एक जुनी खोड होती. काम करणारा केलं म्हणून सांगत नसे. आई तशीच होती, मुलं तशीच निघाली. त्यामुळे लहानपणापासून त्यांच्या घरच्या भाजीत एकतर दोनदा मीठ पडे, नाहीतर मुळीच नाही. कडी लावायला दोघं उठत आणि दूध एकमेकांच्या भरवशावर उतू जाई. विचारलं तर प्रत्येकाचं एकच उत्तर, “मला वाटलं.” दुसऱ्या कुठल्या घरात हे एव्हाना सुधारलं असतं. यांनी जेवताना पाण्याचा तांब्या जवळ ठेवायला सुरुवात केली.

तर स्पंज ओले करायचं काम दादाचं. संध्याकाळी उन्हं उतरली की तो एकेक पेटी उघडून, उकिडवं बसून, डबी काढून ओली करी. ठकूताईला ते बघवत नसे. गुडघे धरून उठताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागे. म्हणून तो सकाळी आंघोळीला गेला की तिनं गुपचूप आत शिरून स्पंज ओले करायला सुरुवात केली. म्हणजे संध्याकाळी दादाला ते ओलेच सापडतील आणि तो पेट्या नुसत्या बंद करील. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, तुला जमणार नाही. म्हणून सांगितलं नाही.

दादाला संध्याकाळी स्पंज ओलसर लागत. तो मनाशी म्हणे, टाकीची कृपा. आणि शिस्त म्हणून पुन्हा भिजवी.

आणि काटा? काटा होता भिंतीवर. पेट्या बंद होत्या. पेट्यांच्या आत काय चाललंय ते काट्याला काय कळणार?

तो दिवस सगळ्यांत वाईट होता. कावळेसुद्धा ओरडायचं सोडून चोच वासून बसले होते. जेवणं झाली होती. ठकूताई भांडी घासत होती आणि पाणी इतकं गरम येत होतं की साबणाची गरज नव्हती. एवढ्यात मधल्या खोलीतून आवाज आला. टक्! जाड काठी गुडघ्यावर मोडावी तसा.

ती ओल्या हातांनी धावली. दादा तिच्या आधी पोचला होता. दार सताड उघडं, कायदा बाजूला. त्यानं ‘पहिली’ची पेटी उघडली. गिटारीचं पोट फुगून वर आलं होतं, आणि तारा ज्या लाकडी पट्टीला बांधलेल्या असतात ती पट्टी पोटापासून सुटून, तारांच्या ओढीनं तिरपी उभी राहिली होती. खालचा सरस बोटाला चिकटत होता. साबणाच्या डबीतून पेटीच्या मखमलीवर पाणी ठिबकत होतं.

“हे काय?” दादा म्हणाला. “एवढं पाणी?”

“मला काय विचारतोस? काल तूच भिजवलास ना?”

“मी काल भिजवला. पण काल भिजवलेलं आज एवढं कसं?” तो थांबला. “ठकू. तू हात लावलास?”

“मी रोज लावते.”

“रोज?”

“सकाळी. तुझे गुडघे—”

“मी संध्याकाळी लावतो!”

“मग सांगायचं नाही?”

“तू सांगितलंस?”

“मला वाटलं—”

“मला वाटलं!” दादा कधी नव्हे तो ओरडला. “भाजीत मीठ आहे का हे, ठकू? तांब्याभर पाणी पिऊन निस्तरेल?”

“आणि मी काय हौसेनं भिजवत होते? तुला उठताना बघून माझा जीव वर-खाली होतो, म्हणून. तुला तुझ्या लाकडांची काळजी, आणि तुझी कोणी करायची? त्या करणार आहेत?”

दादा पुढच्या खोलीत गेला आणि पलंगावर बसला. ठकूताई दारातच उभी राहिली. तोंडात आणखी बरंच तयार होतं. दुकान बंद केलं तेव्हाच या विकायला हव्या होत्या. मी मेले असते तर कपाट बाहेर काढून आणखी दोन ठेवल्या असत्यास. हे सगळं ती म्हणणार होती. पण दादा हातातलं फडकं घडी घालत होता. घडी घातली, उलगडलं, परत घातलं.

“दादा?”

“आई,” दादा म्हणाला, “चूल कमी कर. सरस करपतोय.”

तिनं पुढे होऊन त्याच्या पाठीला हात लावला. निमित्त काढलं नाही. पाठ तव्यासारखी तापलेली होती आणि कोरडी ठणठणीत.

पुढचं तिनं कसं केलं ते तिला नंतर नीट सांगता येत नसे. जिन्यात तोंड घालून तिनं अशी हाक मारली की शिंपी गळ्यात टेप तसाच घेऊन वर आला. दोघांनी दादाला उचललं. मधल्या खोलीच्या दाराशी अडलं. आत पेट्याच पेट्या.

“कुठे ठेवायचं यांना?” शिंपी म्हणाला.

“पेट्या बाहेर काढा.”

“बाहेर म्हणजे? दादा रागावतील.”

“रागावू दे! रागवायला राहिला तर पेढे वाटीन मी. काढा!”

शिंप्यानं पेट्या काढल्या. एकेक करून पुढच्या खोलीत, उन्हात, दादाच्या पलंगावर आणि पलंगाखाली. ठकूताईनं दादाला गार फरशीवर निजवलं, चादरी भिजवून त्याच्या अंगावर घातल्या, काखेत ओले रुमाल ठेवले, स्वयंपाकघरातला पंखा आणून पूर्ण जोरात सोडला. ओल्या चादरी हाताळायचं तरी तिला कुणी शिकवायला नको होतं. शिंपी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी सुई लावली, बाटली टांगली, आणि बराच वेळ नाडी धरून बसले.

“चादरी कुणी घातल्या?”

“मी.”

“बरं केलंत. इस्पितळात न्यायची गाडी बोलावून ठेवा, शुद्धीवर आले नाहीत तर लागेल. आणि शुद्धीवर आले तर यांना या खोलीतून हलवायचं नाही. पुढच्या खोलीत तर नाहीच नाही.”

गाडी आली तोवर उन्हं कलली होती. आणि दादाच्या कपाळावर, रुमालाच्या कडेला, घामाचा एक थेंब उभा राहिला. ठकूताई त्या थेंबाकडे बघत राहिली. पुसला नाही.

दादानं डोळे उघडले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग म्हणाला, “दार लाव.”

शिंपी फसकन हसला. ठकूताई हसली नाही. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि हमसून हमसून रडली. डॉक्टर गाडी परत पाठवायला उठले, आणि रडून झाल्यावर तिला पुन्हा राग आला.

“भिंत रिकामी का?” दादानं विचारलं.

“त्या पुढच्या खोलीत आहेत.”

“उन्हात?”

“उन्हात. तुझ्या पलंगावर. तू रोज जिथे झोपतोस तिथेच आहेत. बघू काय होतं त्यांना.”

दादा छताकडे बघत राहिला. वर टाकीत पाणी पडत असल्याचा आवाज येत होता.

“त्या फाटतील गं,” तो हळूच म्हणाला.

“माणूस पाणी पितं ना? त्यांनाही पाज.”

“ठकू, पश्चिमेच्या भिंतीपासून तरी लांब ठेव.”

“ठेवते. पण तू इथे झोपायचं. आज नाही, उद्या नाही, पूर्ण उन्हाळा. तू इथे असशील तर त्या आत येतील. तू बाहेर गेलास की त्या बाहेर.”

“माझ्या श्वासानं—”

“ओलावा वाढतो. ठाऊक आहे मला, घोकून झालंय. मग त्या साबणाच्या डब्या फेकून दे! एवढा साडेपाच फुटांचा ओला स्पंज आत निजलाय, आणखी कशाला हवेत स्पंज? निदान हा दोनदा भिजवला जाणार नाही.”

दादा खरोखरच विचार करत होता. तिनं चिडून तोंडाला आलं ते बोललं होतं, आणि हा पडल्या पडल्या ताळा जुळवत होता.

“पेट्यांची झाकणं उघडी ठेवायला लागतील,” तो शेवटी म्हणाला. “आणि पंखा नको.”

“पंखा राहील.”

“भिंतीकडे तोंड करून.”

“बरं. भिंतीकडे.”

शिंप्यानं एकेक पेटी परत आणली. पलंगही आणला, आणि निम्म्या पेट्या त्याच्याखाली मावल्या. हे आधी कुणाला सुचलं नव्हतं. सकाळी दादानं डोळे उघडल्याबरोबर पहिल्यांदा काट्याकडे पाहिलं. काटा हिरव्या पट्ट्याच्या मधोमध होता. डब्या दुपारी कचऱ्यात दिसल्या.

तेव्हापासून ठकूताईलाही आपल्या कपाटाशी हवं तेव्हा जाता यायला लागलं. दार मात्र लावायलाच लागे.

‘पहिली’ची फूग हळूहळू उतरली. थंडी पडल्यावर दादानं सुटलेली पट्टी परत बसवायला घेतली. सरस तोच, कातड्याचा. भांडं शेगडीवर ठेवून त्यानं हाक मारली, “ठकू, ढवळतेस का?” ती नाकाला फडकं बांधून ढवळत बसली. मध्येच म्हणाली, “पाणी मी घातलंय यात. सांगून ठेवते.”

“मीही घातलंय,” दादा म्हणाला.

तो सरस फेकून दुसरा करावा लागला.

आता मधल्या खोलीत त्या पलंगावर ठकूताई झोपते. गिटारी आहेत तशा आहेत, झाकणं उघडी, आणि उन्हाळ्यात काटा पट्ट्यात असतो. ती घोरत नाही असं तिचं अजूनही म्हणणं आहे.

दादा त्या उन्हाळ्यात गेला नाही. जुळ्या शाळेत जायला लागल्या त्या वर्षी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, थंडीत, मधल्या खोलीतल्या पलंगावर, सकाळचा चहा पिऊन झाल्यावर तो गेला.